भाकरी, कष्ट आणि चाळिशी

ज्या मुलखात पाऊस किती पडला हाच वर्षभराच्या गप्पांचा मुख्य विषय, त्या मुलखात वाढलेले वजन कसे आवरावे या विषयावर बोलायला उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. नेवासे तालुक्यातल्या कोणा वृद्धाला हा विषय सांगितला तर तो प्रथम हसेल आणि मग विचारील, “अहो, वजन वाढायला आधी पोटभर मिळावे लागते ना?” त्याचे हसणे खोटे नाही. आपली भाषाच पाहा. तिने लठ्ठपणाला कधी नावे ठेवली? पगार लठ्ठ असतो, देणगी लठ्ठ असते. मुलाने बाळसे धरावे, नव्या सुनेने सासरी चार महिन्यांत अंग धरावे, दोन वर्षांनी भेटलेल्या स्नेह्याला “तब्येत सुधारली हो तुमची!” असे म्हणावे. “वाळलास रे” हे शब्द मात्र आई काळजीने काढते. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या उपास काढले त्याच्या जिभेवर असेच शब्द बसायचे.

आणि तरीही हा विषय आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांत शेकडा २४ आणि पुरुषांत शेकडा २३ प्रमाणापेक्षा जड आढळले. हे आकडे देशाचे आहेत. पण सोनईच्या बाजारपेठेत अर्धा तास उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पोटाकडे पाहिले तर ते परके वाटत नाहीत. दुष्काळी मुलूख ते हा मुलूख, एवढा पल्ला आपण दोन पिढ्यांत कसा गाठला, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे. म्हणून आम्ही इतिहासाच्या बाजूने त्याच्याकडे जाणार आहोत.

माणसाने किती खावे आणि किती राबावे याचा रोखठोक हिशेब आपल्या भागात प्रथम मांडला तो कोणा वैद्याने नव्हे, सरकारने. १८७६ ते १८७८ हा मोठा दुष्काळ. दख्खन होरपळून निघाली, माणसे खडी फोडायला आणि मातीकामाला गेली. दौंडहून नगर, राहुरी यांवरून मनमाडला जाणारा जो लोहमार्ग आपण रोज पाहतो, त्याचे मातीकाम याच दुष्काळात झाले आणि १८७८ साली तो सुरू झाला. या कामांवरच्या मजुराला किती द्यायचे? हिंदुस्थान सरकारचे दूत सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी उत्तर काढले: दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ खर्चाला अगदी थोडके. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. आजच्या भाषेत सांगायचे तर सुमारे सोळाशे उष्मांक. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या कोष्टकाप्रमाणे जड काम करणाऱ्या पासष्ट किलोच्या पुरुषाला रोज ३४७० उष्मांक लागतात. म्हणजे निम्म्याहूनही कमी. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी, राबणारे शरीर एवढ्यावर टिकत नाही, असे सरकारला स्पष्ट लिहिले. आपल्या मुंबई इलाख्यात मजुरी उतरवली गेली तेव्हा हजारो मजूर कामे टाकून चालते झाले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे तक्रारींमागून तक्रारी धाडल्या. आहार आणि श्रम यांची तराजू इतक्या निष्ठुरपणे आणि इतक्या उघडपणे पुन्हा क्वचितच कोणी धरली असेल. हेच टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले, हाही योग लक्षात ठेवण्यासारखा.

त्यानंतर पुष्कळ दुष्काळ आले. आज पन्नाशीत असलेल्यांच्या आईबापांच्या आठवणीतला म्हणजे १९७२ चा. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी, हे दोन शब्द उच्चारले की आजही कोणत्याही घरातली म्हातारी माणसे बोलती होतात. मिलोची भाकरी थापताना तुटायची, घशाखाली उतरायची नाही. सुकडी मात्र पोरे भांडून खात. त्या सालात पोटात असलेली किंवा पाळण्यात असलेली बाळे आज बावन्न-त्रेपन्न वर्षांची आहेत. त्यांच्याकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

मग पाणी आले. मुळेवरचे धरण झाले, उजवा कालवा नेवासे, शेवगाव, पाथर्डीकडे निघाला. त्याआधीच, १९५० च्या डिसेंबरात, प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला होता. पुढे त्याच वाटेने सोनईला मुळा कारखाना उभा राहिला. ऊस, शाळा, कॉलेज, बँक, पक्की घरे. यात रडण्यासारखे काही नाही. जुन्या दिवसांबद्दल गहिवरून बोलणाऱ्यांना आमची विनंती आहे की त्यांनी एक दिवस मोट हाकून पाहावी.

पण शरीराच्या वहीत काय घडले ते पाहिले पाहिजे. मोट गेली, विजेचा पंप आला आणि आता तर तो मोबाइलवरून चालू होतो. नांगर गेला, ट्रॅक्टर आला. घोडेगावच्या बाजाराला चालत जाणारा माणूस मोटारसायकलवरून जाऊ लागला. बायांचे जाते गेले, पाटा गेला, पाण्याच्या खेपा गेल्या, आणि त्या गेल्या हे फार चांगले झाले. वर सांगितलेल्या कोष्टकातच जड कामाच्या पुरुषाला ३४७०, तर बैठ्या कामाच्या पुरुषाला २११० उष्मांक दिले आहेत. स्त्रियांचे हेच आकडे २७२० आणि १६६०. पुरुषातला फरक १३६० चा. बाजरीच्या ऐंशी ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर त्या जवळजवळ पाच भाकऱ्या होतात! आजोबा आणि नातू यांच्या कामात पाच भाकऱ्यांचे अंतर पडले. ताटात मात्र पाच भाकऱ्यांचे अंतर पडले नाही. उलट चहा आला. दोन चमचे साखरेचा एक कप म्हणजे साखरेचेच चाळीस उष्मांक. असे सहा कप एखाद्या पुढाऱ्याच्या किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीच्या दिवसात सहज होतात, आणि तेही नको म्हणता येत नाहीत, कारण आपल्याकडे चहा नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे. ज्या गावाची पत साखरेवर उभी आहे तिथे साखरेविरुद्ध बोलताना आम्हांलाही जरा अवघडल्यासारखे होते.

काम कमी झाले की भूक आपोआप कमी होईल, निसर्ग आपले पाहून घेईल, असे पुष्कळांना वाटते. ते पूर्ण खरे नाही, याचा एक नामी पुरावा आपल्याच देशातला आहे. झ्याँ मेयर नावाचे आहारशास्त्रज्ञ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी १९५६ साली बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या दोनशेंवर माणसांचे वजन, जेवण आणि काम यांचा ताळा घेतला. हमाल, यंत्रावरचे कामगार, कारकून, दिवसभर गल्ल्यावर बसणारे दुकानदार, सगळे त्यात होते. हलक्या कामापासून जड कामापर्यंत वर चढत गेले तर जेवण कामाच्या प्रमाणात वाढत होते आणि वजन जवळपास तेवढेच राहत होते. पण अगदी बैठ्या लोकांपाशी आल्यावर हा नियम मोडला. त्यांचे खाणे हलक्या कामाच्या माणसांपेक्षा जास्त होते आणि वजनही जास्त होते. याचा अर्थ आम्ही असा घेतो की भुकेचा काटा थोड्या तरी हालचालीवर नीट चालतो; हालचाल एका मर्यादेखाली गेली की तो अडकतो. आपल्या कारखान्याच्या आवारात फडापासून कचेरीपर्यंत एक फेरी मारली तर ती ताग गिरणी डोळ्यांपुढे उभी राहते.

आता चाळिशीकडे वळू. चाळिशीनंतर अंगातला अग्नीच मंदावतो, त्याला आम्ही काय करणार, हे वाक्य आपण सर्वांनी म्हटलेले आहे. आम्हीही म्हटलेले आहे. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. एकोणतीस देशांतल्या, आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत सहा हजार चारशेंवर माणसांचा रोजचा उष्मांकांचा खर्च त्यात मोजला होता. शरीराचा आकार आणि घडण जमेस धरली तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर असतो, असे त्यात दिसले. तेव्हा अग्नीची सबब गेली. उरले काय? तर स्नायू हळूहळू घटतात, झोप कमी होते, स्त्रियांत पाळी जाण्याच्या सुमारास चरबी कमरेवरून पोटाकडे सरकते, आणि मुख्य म्हणजे माणूस खुर्चीवर बसतो. चाळिशीत बढती मिळते, मुले मोठी होतात, शेतावर गडी येतो. जी कामे आपण करीत होतो ती आपण सांगू लागतो.

चाळिशीतच ज्यांनी हे ओळखले असे एक गृहस्थ आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. ते एका संस्थानचे अधिपती होते. औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. त्या काळी युजेन सँडो हा बलभीम जगभर गाजत होता. बाळासाहेबांनी १८९७ च्या सुमारास त्याची साधने आणि पुस्तके मागवली आणि दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि १९०९ साली गादीवर आल्यावरही त्यांनी ते सोडले नाहीत. राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालीत. संस्थानच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे झाले. त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले, त्यात आहारालाही जागा दिली. १९३६ साली ते विलायतेला गेले तेव्हा लुइझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि १९३८ साली त्या दोघांच्या खटपटीतून इंग्रजी पुस्तक निघाले. चित्रकलेचा दर्दी, कीर्तनाची आवड, प्रजेला स्वराज्य देऊन टाकणारा राजा; पण नमस्कारांच्या बाबतीत ते इतके आग्रही होते की पाहुण्यांनाही त्यातून सुटका नसावी, अशी आम्हांला शंका आहे. १९५१ साली, ब्याऐंशी वर्षांचे होऊन ते वारले.

राजाला वेळ होता, दूधतूप होते, हे कोणी म्हणेल तर ते खरेच आहे. नमस्काराने सर्व रोग जातात असे जे त्या काळी बोलले जाई तेही आज कोणी मानणार नाही. परंतु आम्हांला त्यात महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. सँडोच्या साधनांना पैसा लागे. नमस्काराला सतरंजी पुरते. तो घरात, ठरल्या वेळी, चार माणसांबरोबर घालता येतो. साठीतही त्याची वेळ बदलत नाही. जे सुरू करायला सोपे आणि सोडायला लाजिरवाणे ते टिकते. पुढे अमेरिकेत १९९४ पासून, ज्यांनी तीस पौंडांवर वजन उतरवले आणि वर्षभरावर टिकवले अशा हजारो लोकांची नोंद ठेवली गेली. त्यांत ज्यांनी ते राखले त्यांचे वागणे फार साधे निघाले. बहुतेक जण रोज तासभर हालचाल करीत, आणि ती मुख्यतः चालण्याची. आठवड्याला एकदा तरी काट्यावर उभे राहत. आणि सणावाराला व इतर दिवशी खाण्यात फार फरक पडू देत नसत. आपल्याकडे शेवटची अट सर्वांत कठीण. एकादशीला जेवण नाही म्हणून साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे कूट, वर तूप, बटाट्याचा कीस, आणि संध्याकाळी फराळ! हा साबुदाणा म्हणजे सेलमकडच्या टॅपिओका कंदाचा निव्वळ पिठूळ दाणा. असा उपास करण्यापेक्षा दोन भाकऱ्या आणि पालेभाजी खाणे पांडुरंगाला अधिक रुचेल असे आमचे नम्र मत आहे.

अलीकडच्या काळात महाराष्ट्राने आहारावरून एक मोठा वाद पाहिला. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी आपल्या व्याख्यानांतून मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे नेला: दिवसात दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरका, मधे काही नको, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. त्याच्या उलट बाजूला दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खा असे सांगणारे. २०१८ च्या सुमारास तर घराघरांत दोन पक्ष पडले होते. सासू एका पक्षात, सून दुसऱ्या. या वादात आम्ही कोणाचे? चीनमधल्या ग्वांगचौ शहरात १३९ स्थूल माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना उष्मांक सारखेच कमी दिले. एका गटाने ते सकाळी आठ ते दुपारी चारपर्यंतच खायचे, दुसऱ्याने केव्हाही. दोन्ही गटांचे वजन उतरले आणि दोघांतला फरक नोंद घेण्याजोगा नव्हता. घड्याळात जादू नाही. पण दोनदा जेवायचे ठरवले की मधले चहा, फरसाण, मुलाच्या ताटात उरलेला घास हे आपोआप बंद होतात, आणि ज्याला तो नियम झेपतो त्याचे काम होते. मुलांच्या ताटातले उरलेले वाया जाऊ नये म्हणून आई खाते, ही गोष्ट कोणत्याही कोष्टकात येत नाही. पुष्कळ बायांच्या चाळिशीच्या वजनात तिचा वाटा असावा. दुष्काळाने शिकवलेली काटकसर सुकाळात अशी अंगावर येते. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा तोडू नयेत. साखर एकाएकी उतरली तर ते जिवावर बेतते.

चालण्याने वजन फार उतरत नाही, हे सांगितले की लोक खट्टू होतात. पाच किलोमीटर चालले तर अडीचशे-तीनशे उष्मांक जातात. घरी येऊन मूठभर शेव खाल्ली की जमाखर्च बरोबर. उतरवायचे काम मुख्यतः ताट करते, उतरलेले राखायचे काम पाय करतात. आणि वजन न उतरताही पाय काही करून जातात. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांना तीन वर्षे पाहिले, तो अभ्यास २००६ साली आला. ज्यांना आहार आणि चालणे यांचा सल्ला देऊन पाठपुरावा केला, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण शेकडा अठ्ठावीसने कमी झाले. गंमत अशी की त्यांचे वजन जवळपास होते तेवढेच राहिले होते. चालण्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे काम हवे, असेही आता सांगतात. जोर-बैठका आणि नमस्कार यांना परदेशी पर्याय शोधण्याची गरज नाही.

आता त्या १९७२ च्या बाळांकडे येऊ. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण इथल्या बाळांत कमी पडले होते ते मांस. चरबी बरीचशी राखलेली होती. बारीक पण चरबीदार, असे हे आपले शरीर. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी आपला आणि आपले लंडनचे सहकारी युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची २१.२. म्हणूनच आपल्याकडे निर्देशांक २३ झाला की सावध व्हावे आणि कमरेचा घेर पुरुषांनी ९०, स्त्रियांनी ८० सेंटिमीटरांच्या आत राखावा असे तज्ज्ञ सांगतात. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. त्या वेळी पोटात असलेली मुले पन्नाशीला आली तेव्हा त्यांचे शरीर साखर नीट पचवीत नाही असे दिसले. आपल्या १९७२ च्या मुलांचे असे मोजमाप आमच्या पाहण्यात नाही, पण अंदाज बांधायला फार विद्वत्ता लागत नाही. अन्नाच्या टंचाईत घडलेले शरीर, आणि त्याच्या चाळिशी-पन्नाशीत आलेला उसाचा सुकाळ. असा माणूस काट्यावर सत्तर किलो भरला तरी निश्चिंत नसतो. त्याने वजनाबरोबर पट्टी लावून पोटही मोजावे.

आपल्या नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या युक्ताहारविहाराच्या श्लोकावर ज्ञानदेवांनी जे निरूपण केले आहे त्यात अन्न सोडा असे कुठे नाही. खावे, पण मापून. चालावे, पण मोजून. झोपावे, पण वेळेवर. फार खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघेही त्या वाटेवर चालणार नाहीत असे गीता सांगते. ते योग्याला सांगितले होते, हे आम्हांला ठाऊक आहे. पण ज्या काळी पोटभर मिळणे हाच बहुतेकांचा प्रश्न होता त्या काळी मापाची आठवण योग्यालाच करून द्यावी लागे. आज ती सोसायटीच्या सेक्रेटरीलाही लागते.

हे सर्व बोलताना एक चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. दिवाळी सरली की पाथर्डीकडून, आष्टी-बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. थंडीच्या दिवसांत पहाटे आपल्यापैकी चौघेजण मफलर गुंडाळून, डॉक्टरांनी सांगितलेली चार किलोमीटर पुरी करायला कारखान्याच्या रस्त्याला लागतात. त्याच वेळी समोरून उसाच्या फडाकडे निघालेला कोयता येतो. दोघेही चालत असतात. आपण भाकरी कमी करून चाललेले असतो. बाईच्या डोक्यावर फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या असतात, त्या तिने आपल्या खूप आधी, काळोखात उठून, पाचटावर थापलेल्या असतात, आणि दुपारी उसाच्या मोळ्या गाडीत चढवून झाल्याशिवाय त्या सोडायला तिला सवड होत नाही.